पंचाच्या मुलीची बाजू

अण्णा, मी एका संघाची झाले आहे. गेले कित्येक शनिवार हे तुम्हाला सांगावंसं वाटतंय, आणि तुम्ही भुवया वर करून "कोणत्या?" असं विचाराल तेही दिसतंय. कबड्डीचा नाही, फुटबॉलचा. तोही इंग्लंडातल्या एका लहान शहराचा, ज्याचं नाव तिकडच्या लोकांनाही दोनदा सांगावं लागतं. तुम्ही गेलात तेव्हा मी अकरावीत होते. मग पदवी झाली, आपल्या घरातली पहिली, आणि शिष्यवृत्ती मिळाली म्हणून पाण्याच्या अभ्यासासाठी मी तिकडे जाऊन राहिले. आता परत नाशिकला आहे, गावोगावच्या विहिरींचं पाणी तपासते, आई माझ्याजवळ गंगापूर रोडला राहते. सगळं ठीक चाललंय. फक्त हे एक राहिलं होतं.

आपल्या घरात कोणाचाच संघ नव्हता. आठवडाभर तुम्ही लासलगावच्या बाजारात मापारी. शेतकरी एकीकडे, व्यापारी दुसरीकडे, मध्ये काटा आणि काट्यापाशी तुम्ही, कोणाकडेही जास्त वेळ न बघणारे. आणि रविवारी कबड्डीचे पंच. आई तुमचा पांढरा शर्ट इस्त्री करून खुंटीला लावायची, तुम्ही काळ्या दोरीची शिट्टी गळ्यात घालून निघायचात आणि मी सायकलच्या पुढच्या दांडीवर. मैदान येईपर्यंत तुम्ही माझे वडील असायचात. फक्कीनं आखलेल्या रेषा दिसल्या की पंच व्हायचात, आणि मग मी पाणी मागितलं तरी दुसऱ्या कोणाकडे तरी बोट दाखवायचात.

विंचूरच्या शाळेच्या मैदानावरचा तो सामना तुम्हाला आठवत असणारच. मी चौथीत आहे, मुलींच्या घोळक्यात पुढे बसले आहे. आपलं गाव एका गुणानं मागे आणि शेवटची चढाई काकाची. काका एकाला शिवून मागे वळतो, उडी मारतो, सगळं गाव उभं राहतं आणि तुमचा हात वर जातो. काकाचा पाय रेषेबाहेर पडला होता. मला काय झालं कोण जाणे, मी ओरडले, "आतच होता! पाय आतच होता!" तुम्ही शिट्टी मारली, खेळ थांबवला आणि सरळ माझ्यासमोर येऊन उभे राहिलात. "उठ. घरी जा." मी म्हणाले, "पण अण्णा, आपला काका..." तुम्ही हळू आवाजात म्हणालात, "पंचाच्या घरातलं माणूस ओरडलं की शिट्टीला किंमत राहत नाही. जा." मी सबंध रस्ता रडत चालत आले. काकानं तर दिवाळीपर्यंत तुमच्याशी अबोला धरला. एकदा जेवायला आला तेव्हा आईला म्हणाला, "वहिनी, वाढा मला, पण त्या पंचाशेजारी नको." तुम्ही ताट थोडं सरकवलंत आणि म्हणालात, "बस कुठंही. फक्त रेषेच्या आत बस." आई पदर तोंडाला लावून हसत होती. काका मात्र हसला नाही, निदान तेव्हा तरी नाही.

तेव्हापासून मला वाटत आलं की जग सरळ चालतं ते कोणाचीच बाजू न घेणाऱ्या माणसांमुळे. अजूनही बरंचसं तसंच वाटतं. वसतिगृहात मुलींची भांडणं माझ्याकडे यायची. कॉलेजात दोन्ही गट मला मान द्यायचे. पण अण्णा, सहलीची बस सुटताना शेजारची जागा माझ्यासाठी कोणी धरून ठेवायचं नाही. हे मी तुम्हाला तेव्हा सांगितलं नसतं, तुम्ही असतात तरी.

तिकडे मी ज्या घरात खोली घेऊन राहत होते, त्याच्या शेजारी एक बाई राहायच्या. आयुष्यभर शहर बस चालवून निवृत्त झालेल्या, ठणठणीत, सत्तरीच्या. मनातल्या मनात मी त्यांना आजी म्हणायचे, तोंडावर म्हणायची हिंमत नव्हती. एका शनिवारी त्या कुंपणावरून म्हणाल्या, "आमच्या म्हाताऱ्याचा गुडघा आता पायऱ्या चढत नाही. फुटबॉलच्या मैदानावरची त्याची खुर्ची वर्षभरासाठी घेतलेली आहे. येतेस का? थंडी वाजेल आणि आपण हरू, एवढंच सांगते." मी गेले. थंडी वाजली आणि आम्ही हरलो. लाकडी खुर्च्यांची जुनी रांग, एकेका खुर्चीवर वर्षानुवर्षं तीच माणसं, एकमेकांची दुखणी आणि नातवंडं पाठ असलेली. चहा इतका पातळ की आईनं तो भांडी विसळायला घेतला असता. पण मधल्या सुटीत मागच्या रांगेतल्या एकानं न विचारता माझ्या मांडीवर घोंगडीचं टोक टाकलं आणि मी पुढच्या शनिवारीही गेले.

तिसऱ्या की चौथ्या सामन्यात आमचा एक खेळाडू धाडकन पडला. सगळी रांग उठून रेफरीच्या नावानं शंख करायला लागली. आजींनी मला विचारलं, "पाडलं ना त्याला?" मी तुमची मुलगी. म्हणाले, "नाही. तो स्वतःच पडला." सगळी रांग रेफरीला सोडून माझ्याकडे वळली. मग मागचा घोंगडीवाला म्हणाला, "अरे देवा, आपण रेफरीच शेजारी बसवून घेतलाय!" आणि सगळे खो खो हसले. त्या दिवसापासून माझं नाव रेफरी. काही वाद झाला की दहा-बारा डोकी माझ्याकडे वळायची, "रेफरी, बोल." मी बोलायचे, खरं तेच बोलायचे, आणि बहुतेक वेळा ते आमच्या विरुद्ध असायचं. ते मला शिव्या घालायचे आणि वर पेपरमिंटची गोळी द्यायचे. मी नाही आले तर माझी खुर्ची मोकळी ठेवायचे.

कधी काय झालं ते कळलं नाही. हिवाळा संपता संपता मी बुधवारपासूनच शनिवारचा विचार करायला लागले. प्रयोगशाळेत बाटल्यांवर चिठ्ठ्या लावताना आमचा गोलकीपर बरा होईल का, ही काळजी. "ते हरले" म्हणणारी मी "आपण हरलो" म्हणायला लागले. आपण, अण्णा! विंचूरच्या मैदानावर जे म्हणता आलं नाही ते मी त्या गारठ्यात, कोणाच्या कोण माणसांबरोबर घसा बसेपर्यंत म्हणत होते.

हंगामाचा शेवटचा सामना आला. बरोबरी झाली तरी आम्ही आमच्या लीगमध्ये राहणार, हरलो तर खालच्या लीगमध्ये. आजी म्हणाल्या होत्या, "खाली गेलो तर परत वर आलेलं मी काही बघणार नाही बाई." आणि त्या गमतीनं बोलत नव्हत्या. एक-एक गोल झालेला. सामना संपत आलाय, आमच्या गोलसमोर नुसता चिखल आणि पाय. चेंडू उसळतो, आमच्या बचावपटूच्या हाताला लागतो आणि बाहेर जातो. समोरचा संघ पेनल्टी मागत, हात वर करून रेफरीकडे धावतो. रेफरीची पाठ होती, तो नकाराची मान हलवतो. एवढ्याशा लीगमध्ये टीव्हीवर परत बघायची सोय नाही. मग ती सगळी डोकी माझ्याकडे वळतात. आजी माझा दंड धरून विचारतात, "रेफरी, हात लागला का गं?"

मी म्हणाले, "मला दिसलं नाही."

त्यांनी माझा दंड सोडला. मग म्हणाल्या, "नवलच. आम्हाला कोणालाच दिसलं नाही." शेवटची शिट्टी झाली आणि आजी, घोंगडीवाला, त्याची बायको आणि मी एकमेकांच्या गळ्यात पडून वेड्यासारख्या उड्या मारत होतो.

परवा शनिवारी संध्याकाळी मी फोनवर सामना लावून बसले होते. आई शेजारी मेथी निवडत होती. तिला आता आमचे खेळाडू चेहऱ्यानं कळतात, एकाला ती "आपला टकल्या" म्हणते. मी तिला म्हणाले, "अण्णांना हे आवडलं नसतं ना? अशी बाजू घेणं?" आई हसत सुटली. "तुझ्या अण्णांना? अगं, लय बाजू होती त्यांची. मैदानात तोंड शिवलेलं. घरी आले की मोरीत पाय धुताना एकटेच बडबडायचे, 'बोटभर रं, बोटभर आत टाकला असता पाय तर!' काकाच्या त्या मॅचनंतर तर दोन दिवस जेवण गोड लागलं नाय त्यांना. तुला घरी पाठवलं ना, तेव्हा मला म्हणले, पोरगी माझ्या मनातलंच बोलली, म्हणून तर घालवली."

मी फोन बाजूला ठेवला. टकल्यानं गोल मारला, तो आईनंच बघितला.

तुम्ही मनात बाजू ठेवून हात वर केलात. मला दिसलं होतं आणि मी दिसलं नाही म्हणाले. यात मोठं कोण ते मला पक्कं माहीत आहे. त्या दिवशी तुम्ही पंच असतात तर पेनल्टी दिली असती, आजींकडे न बघता, माझ्याकडे तर नाहीच. हे पत्र मी आईलाही वाचून दाखवणार नाही, कारण खाली जे लिहिते आहे ते तिला सहन होणार नाही. तुम्ही गेल्यापासून असा दिवस नाही की तुम्ही असायला हवे होतात असं वाटलं नाही. पदवीच्या दिवशी, विमानात, पहिल्या पगाराच्या दिवशी. फक्त तेव्हा, चेंडू हाताला लागून बाहेर गेला आणि आजींनी माझा दंड धरला तेव्हा, तुम्ही तिथे नाही याचं मला फार बरं वाटलं.