तारांची उंची

१७ ऑगस्ट

प्रिय दादा,

इतके दिवस फोन उचलला नाही, निरोपांना उत्तर दिलं नाही, त्याबद्दल रागावला असशील. रागव. दुकानात काम होतं हे खरं, पण तेवढं कधी नसतं? फोनवर तू मला हसवतोस आणि बोलायचं राहून जातं, म्हणून लिहिते आहे.

मी बरी आहे. खिडकीची काच अखेर बसवून घेतली, आता पॉलिश सुकताना धूळ चिकटत नाही. शेजारचा शिंपी अजून विचारतो, "ताई, एवढं शिकून स्क्रूच पिळता?" मी म्हणते, "तुम्हीही सुईच टोचता ना."

तुझी गिटार समोर टेबलावर आहे. सोबत तुझी चिठ्ठी: 'डॉक्टरीणबाई, पेशंट पुन्हा दाबायला जड झालाय. बघा जरा.'

पेशंट जड झालेला नाही, दादा.

मागच्या वर्षी तुझी बोटं आखडायला लागली तेव्हा तूच म्हणालास, तारा थोड्या खाली घे, दाबायला सोपं जाईल. घेतल्या. तेवढं कोणीही करतं. पुढे तू नुसत्या तारा बदलायला गिटार पाठवायचास आणि मी न विचारता त्या आणखी खाली घ्यायचे, जास्त बारीक घालायचे. एकदा तारा ज्यावर टेकतात तो ब्रिजच तळाला टेकला, आणखी खाली जाईना. मग नेकचे, म्हणजे दांडीचे, चारही स्क्रू काढले आणि ती बॉडीत बसते त्या खाचेत, ब्रिजकडच्या कडेला, लाकडाची पातळ पाचर घातली. नेक किंचित मागे कलली आणि तारा खाली आणायला पुन्हा जागा झाली. बोट नुसतं टेकवलं तरी सूर निघावा, इतकी.

तू वहिनीला घेऊन गिटार न्यायला आलास आणि दुकानातच वाजवून बघितलीस. "बघ, हात सुटला. सगळं व्यायामाने होतं. तो डॉक्टर उगाच ऑपरेशनच्या गोष्टी करत होता."

मी म्हणाले, "छान."

कप विसळायच्या निमित्ताने वहिनी माझ्यामागे आत आली. "हाताची पुढची तपासणी रद्द केलीय ह्यांनी. खरंच सुधारलाय का गं हात? तुला कळत असेल."

"वाजवतोय की नीट," मी म्हणाले. हे वाक्य मला रोजनिशीतही लिहिता आलं नाही.

तुला बरं वाटावं म्हणून केलं, असं स्वतःला सांगत आले. ते पूर्ण खरं नाही. तू वाजवणं सोडलंस तर माझ्याकडे कशाला येशील, ही भीतीही होती.

आता तारा नेकवरच्या पट्ट्यांना, फ्रेटना, घासून खरखरतात. याहून खाली जागाच नाही, आणि तुला तरीही जड लागतंय. म्हणजे वर्षभर हात बिघडतच गेला आणि मी ते तुलाच कळू दिलं नाही. तपासणी रद्द झाली ती माझ्यामुळे.

दुपारी पाचर काढली. पहिल्यासारख्या जाड तारा घातल्या, पहिल्याच उंचीला. तू पहिली तार दाबशील तेव्हा काय होईल, त्याचा विचार करवत नाही.

वहिनीशी मी खोटं बोलले, हे तिला तू सांगू नकोस. मी सांगेन.

पत्र केसमध्ये ठेवून गिटार कुरिअरने पाठवायचं ठरवलं होतं. मला सोपं गेलं असतं.

तुझा हात बरा होईल की नाही, हे ठाऊक नसलेली,
तुझी धाकटी

(रोजनिशीतली नोंद) उद्या: गिटार घेऊन स्वतः दादाकडे जाणे, वहिनी घरी असताना.