टेकडीचा कोरा कोपरा

मी, खाली सही करणारा निसर्गचित्रकार, वय चौपन्न, कोणत्याही कलाशाळेची पायरी न चढलेला, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डॉक्टरांच्या मते माझे हृदय कमजोर आहे, डोके नाही. तसा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. ज्यांनी तो आणून पाहिला, त्यांचा समाचार पुढे आहे.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक पत्नीला. रंगाने बरबटलेले माझे सदरे तिने आता खुशाल टाकून द्यावेत.

२. पूर्ण झालेली चित्रे पत्नी व मुलीला निम्मी निम्मी. विकावीत, पण घरात बसून कोणी ती ‘जरा उठावदार’ करू नयेत. मी छताखाली एकही चित्र रंगवलेले नाही. उजेड सरकला की ब्रश खाली. दुसऱ्या दिवशी तीच सावली त्याच जागी आली तरच पुढचे काम.

३. पांढरी छत्री थोरल्या भावाला, म्हणजे फोटो स्टुडिओवाल्या दादाला. ती माझ्या डोक्यासाठी नव्हती, पॅलेटसाठी होती. पॅलेटवर ऊन पडले की रंग उजळ भासतात, माणूस गडद लावत सुटतो आणि घरी आणल्यावर चित्र काळेठिक्कर. एक अख्खा उन्हाळा वाया घालवून हे माझे मी शिकलो. दादाचे आपले एकच, “अरे, फोटो काढून देतो, पंख्याखाली बसून रंगव. टेकडी काय पळून जातेय?” दादा, टेकडी नाही, उजेड पळतो.

४. फ्रेमवाल्याला काही नाही, कारण तो या कागदाचा साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला वाटा घेता येत नाही. शिवाय खाडीच्या चित्रात, ओल्या रंगात अडकलेले चिलट त्याने ‘घाण’ म्हणून चिमट्याने उपटले. मी तिथे उभा होतो याचा तो पुरावा होता! माफ केले आहे, विसरलेलो नाही.

५. टेकडीचे चित्र अपुरे आहे. डॉक्टरांनी चढ बंद केल्याने नाल्याच्या वळणाचा कोपरा कोरा राहिला. तो फोटोवरून भरून देण्याचा शब्द दादाने परस्पर गिऱ्हाइकाला दिला आहे. तो मला बंधनकारक नाही. हे चित्र आणि माझी रंगपेटी मुलीला.

~~अट: कोपरा जागेवर उभे राहूनच भरावा.~~

अट मीच खोडली आहे; शेजारी माझी छोटी सही आहे. कारण असे: गेल्या आठवड्यात मुलगी मला न विचारता पेटी, ईझल आणि कॅनव्हास घेऊन टेकडी चढली. संध्याकाळी घामाघूम होऊन परतली. कोपरा तसाच.

“काय गं, झालं काय?”

“ढग होते, बाबा. नाल्यावर ऊन आलंच नाही.”

“मग दिवसभर केलंस काय?”

“वाट बघितली.”

दादा तिथेच होता. “एवढं ओझं वाहिलंस ते हात हलवत परत यायला?”

“उद्या परत जाते ना, काका,” ती म्हणाली आणि वाऱ्याने ईझल पडू नये म्हणून त्याला टांगायची दगडांची पिशवी दाराशीच ठेवली.

पेटी त्याच क्षणी तिची झाली. हा कागद फक्त कचेरीसाठी.

सही: निसर्गचित्रकार

साक्षीदार १: डॉक्टर. सही माझ्यासमोर झाली. चढ अजूनही बंद.
साक्षीदार २: फ्रेमवाला. सही माझ्यासमोर झाली. चिलटाबद्दलचा मजकूर वाचला, मान्य.

ठिकाण: घराची गच्ची, टेकडीकडची बाजू
दिनांक: ९ फेब्रुवारी, सकाळ. आकाश निरभ्र, मुलगी घरात नाही.