प्रभाकर सामंत, दुय्यम भूमिकेत

मंगफ, कुवेत
मंगळवार

आदरणीय सुनंदाताईंना सादर नमस्कार.

ओळख नसताना लिहिण्याचे धाडस करते आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते. मी संपदा नाईक, मूळची कुडाळची. इथल्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. आपली प्रकृती बरी असावी. इकडचे ऊन एकदाचे उतरले आहे. सलग पाळ्यांमुळे आम्हाला मात्र ते खिडकीतूनच कळते.

आपले बंधू प्रभाकर सामंत आमच्या वॉर्डात आहेत. लंडनच्या नाटक मंडळीबरोबर ते इथे आले होते, तालमीतच कोसळले. इंग्रजी रंगभूमीवर आणि टीव्ही मालिकांत चाळीस वर्षे घालवलेला नट मी प्रथमच पाहिला. कोणत्या भूमिका केल्यात, असे विचारले तर हसून म्हणाले, "डॉक्टर, दुकानदार, नायतर साक्षीदार. खून बघूचो, पोलिसांक सांगूचां, घराक जावचां."

उद्या सकाळी त्यांच्या मेंदूची शस्त्रक्रिया आहे. नंतर वाचा राहील, आपली माणसे ओळखू येतील, याची हमी डॉक्टर देत नाहीत.

आजारामुळे ते मधूनच मला सुनंदा समजतात आणि विचारतात, "आवशीक अग्नी कोणी दिल्यान गो?" भानावर आले की बाकीचे स्वतःच सांगतात. आई गेल्याचा फोन आला तेव्हा ते एका मालिकेत आईला अग्नी देणाऱ्या मुलाचे काम करत होते. इतका मोठा प्रसंग पहिल्यांदाच वाट्याला आलेला. निघाले असते तर तो दुसऱ्याला मिळाला असता. चित्रीकरण उरकून ते घरी पोहोचले तेव्हा दहावा होऊन गेला होता, आणि आपण दारातच विचारलेत, "थंय रडान झालां मां? मगे हंय कित्याक इलंस?"

तो प्रसंग मला दाखवा म्हटले, तर नको म्हणाले. "त्यात मी चांगलो असंय, ताच वायट."

पुढचे लिहावे की नाही, हे मला अजूनही ठरवता येत नाही. काल त्यांनी पुन्हा सुनंदा म्हणून हाक मारली, तेव्हा मी आपल्या नावाने बोलले, "दादा, माझो राग गेलो." उत्तर ठाऊक असूनही वर्गात कधी हात वर न करणारी मी! त्यांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. "ही सुनंदा न्हय. सुनंदा आधी गाळी घालतली, मगे इचारतली, जेवलंस?"

आपला क्रमांक त्यांनीच दिला. "कळवू नको" असेही बजावले.

क्षमा करा असे सुचवण्याचा मला अधिकार नाही. उद्या पहाटे त्यांना आत नेतील. त्याआधी आपण फोन करावा, रागावण्यासाठी केलात तरी चालेल. मी तो त्यांच्या कानाशी ठेवीन आणि खोलीबाहेर जाईन.

पुन्हा आपल्या नावाने न बोलणारी,
संपदा नाईक

पाठवले: ११ नोव्हेंबर २०२५, दुपारी ३ वाजून ४० मिनिटे