वेस्टगेटमधली मऊ स्प्रिंग

बाबा, तुम्ही गेल्याला आता बरीच वर्षं झाली, तरी त्या वेस्टगेटच्या खोक्याबद्दलचा माझ्या मनातला संशय काही गेलेला नाही.

कोकण रेल्वे सुरू होऊन चारेक वर्षं झाली होती. डिप्लोमा करून मी खेडला आपल्याच गॅरेजात काम करायला लागले होते. कुवेतहून परतलेले ते दापोलीकडचे चाचा जुन्या डिझेल गाडीला टर्बो बसवून घ्यायला आले. कशेडी घाटात गाडी ओढत नाही म्हणाले. टर्बो इंजिनात जादा हवा दाबून भरतो, त्यानं जोर वाढतो. तो दाब हद्दीबाहेर जायला लागला की वेस्टगेट उघडतो आणि धूर दुसऱ्या वाटेनं सोडून देतो. किती दाबाला उघडायचं, ते आतली स्प्रिंग ठरवते. मी दोन दिवस वहीत आकडेमोड करून कडक स्प्रिंग निवडली, म्हणजे दाब जास्त आणि ओढही जास्त. तुम्ही वही बघितलीत, चष्मा काढलात आणि एवढंच म्हणालात, "इंजिनाचं वय बघ गो." मी ऐकलं ते वेगळंच: पोरीनं निवडलंय, म्हणून नको.

मुंबईहून आलेलं खोकं स्टेशनवरून तुम्हीच आणलंत. त्यात वेस्टगेट आणि कडक, मऊ अशा दोन्ही स्प्रिंगा यायच्या होत्या. सकाळी बघते तर खोक्याला चिकटपट्टी दुसरीच, वेस्टगेटमध्ये मऊ स्प्रिंग बसवलेली आणि कडक गायब. विचारलं, तर माझ्याकडे न बघता म्हणालात, "आहे तसं बसव." मग मी तुमच्यावर पाळतच ठेवली. चाचांशी हळू बोलत होतात तेव्हा जवळ जाऊन कान दिला. तुम्ही हापूसच्या कलमांबद्दल बोलत होतात. तुम्ही जेवायला गेलात आणि मी तुमचा खण उघडला. कडक स्प्रिंग फडक्यात गुंडाळलेली होती. ती मी वेस्टगेटमध्ये घातली, मऊ फडक्यात ठेवली आणि खण लावून टाकला.

तिसऱ्या दिवशी गाडी टेम्पोमागे दोरानं बांधून ओढत आणली. घाटात जादा दाबानं इंजिनाचं हेड गॅस्केट उडालं होतं, आणि चाचांची म्हातारी आई दोन तास उन्हात बसून होती. तुम्ही वेस्टगेटचं झाकण खोललंत. मी पाना धरून समोर उभी. आत बघितलंत, झाकण परत लावलंत आणि चाचांना म्हणालात, "स्प्रिंग मी चुकीची घातली. पोरगी नको म्हणत होती."

मऊ स्प्रिंग घालून गाडी तुम्हीच पुन्हा उभी केलीत. ती पुढे कितीतरी वर्षं घाट चढली. मला मात्र कधी एका शब्दानं विचारलं नाहीत. आई याला बापाची माया म्हणाली असती. मला अजून वाटतं, चूक माझी म्हणायची तर काम माझं होतं हेही म्हणावं लागलं असतं, आणि तेच तुम्हाला नको होतं. कदाचित मी तुम्हाला अजून पुरती ओळखत नसेन.

हा कागद मी कुणालाच दाखवणार नाही. पण एक लिहून ठेवते. तुम्ही ते बोललात तेव्हा चाचांनी कौतुकानं माझ्याकडे बघितलं, आणि मी होय म्हणून मान हलवली.