कढई चढवली नाही

सोम., ३ फेब्रु.
मशीन आलं. एअर फ्रायर. माझ्या भावानं पुण्याहून पाठवलं, वाढदिवसाचं. खोका ह्यांनीच फोडला, मला हात लावू दिला नाही. "आता तेल नको, काही नको, तुझं वजन पण..." पुढचं गिळलं. बरं केलं.

उद्घाटन कांदाभज्यांनी. पातळ बेसन सगळं जाळीतून खाली, कांदा वर उघडाबोडका. शेजारच्या काकूंना हाक मारून दाखवलं. पदर तोंडाला लावून हसल्या. "अगं, ही भजी हायती का आंघुळ घातलेली पोरं?" काकूंचे मालक, आप्पा, अंगणातनं ओरडले, "खायला मिळनार हाय का नुसतंच हसायचंय?" शेवटी गॅसवर कढई ठेवून एक घाणा तळून दिला. आप्पा खूश.

शुक्र., ७ फेब्रु.
जमलं एकदाचं! सारण घट्ट हवं. इंद्रायणीचा उरलेला भात चिकट असतोच, त्यात मका, मिरची, कोथिंबीर, गोळे वळले, वर नुसता तेलाचा हात. टोपली गच्च भरायची नाही, मधे एकदा हलवायची. बाहेरून कुरकुरीत. ह्यांनी डबाभर नेले.

सारोळ्याच्या शाळेतल्या मैत्रिणींच्या ग्रुपवर फोटो टाकला. वैशाली (दहावीत माझ्या डब्याला नाक मुरडायची ती, आता पुण्यात असते) लिहिते, "भोरला पण पोचलं का हे?" झोंबलं. तिथल्या तिथं लिहिलं, रविवारी, १६ला, सगळ्या माझ्याकडे या. पार्टी. गोड पण, खारं पण, सगळं मशीनमधलं. पाचजणी येतो म्हणाल्या. वै. पण.

मंगळ., ११ फेब्रु.
आप्पा गेले. पहाटे, झोपेतच. काल संध्याकाळी तर दारात उभे राहून ह्यांच्याशी गाडीच्या टायरवर वाद घालत होते.

काकू रडत नाहीत. भिंतीला टेकून बसल्यात. मला सासू नव्हती, माझं बाळंतपण ह्या बाईनं केलं. दु. पिठलं-भात नेला, कडू घास. काकूंनी माझ्या हातचे दोन घास खाल्ले, दुसऱ्या कुणाच्या हातचे नाहीत.

आमची भिंत एक. तेराव्यापर्यंत आपल्याकडे पण कढई चढवायची नाही. दुःखाच्या घरात तळणाचा वास जाऊ द्यायचा नसतो, अख्खी आळी पाळते.

गुरु., १३ फेब्रु.
पार्टीचं काय करू? ग्रुपवर दोनदा लिहायला घेतलं, दोनदा पुसलं.

ह्यांना विचारलं. "पुढं ढकल की." पेपरमधून मान पण वर नाही केली.

ढकल म्हणे. वै. परत कशाला येतेय? आणि मशीनमध्ये कढई कुठाय? तेल नाही, तळण नाही. म्हणजे पाळल्यासारखंच झालं ना.

लिहिलंय खरं. पटलेलं नाही.

रवि., १६ फेब्रु.
झाली पार्टी.

मैत्रिणींना फोनवर सांगितलं होतं, गाड्या एसटी स्टँडकडं लावा, गल्ली अरुंद आहे. गल्ली अरुंद! मागच्या वर्षी ह्याच गल्लीत टेम्पो आला होता.

भाताचे गोळे, काडीला टोचलेलं पनीर, गूळ-खोबऱ्याच्या इवल्या करंज्या तुपाचा हात लावून. तिसरी टोपली लावली तेव्हा भिंतीपलीकडून मनीषाचा आवाज. काकूंची सून.
"वयनी, कायतरी तळताय व्हय?"
"न्हाई गं. कढई चढवलीच न्हाई."

एका दमात म्हणाले. आवाज जरासुद्धा हलला नाही.

मग लक्षात आलं. प्लग खिडकीपाशी म्हणून मशीन तिथं ठेवलेलं. त्याचा पंखा मागून गरम हवा बाहेर फेकतो. सगळा वास सरळ काकूंच्या अंगणात. कढईचा वास निदान माझ्याच घरात कोंडला असता. मशीन आत सरकवलं, पण तोवर काय राहिलं होतं?

वै.ने पाच करंज्या खाल्ल्या, कृती विचारली. आठवडाभर ह्याचीच वाट बघत होते. काहीच वाटलं नाही. जाताना काकूंच्या दारासमोर उभी राहून केवढ्यांदा म्हणाली, "करंज्या मस्त होत्या गं!" मनीषा तिथंच अंगण झाडत होती. माझी मान वर झाली नाही.

सोम., १७ फेब्रु.
सकाळी चहा घेऊन गेले शेजारी. जायचं धाडस नव्हतं, न जायचं त्याहून नव्हतं.

काकूंची भाटघरची नणंद आलीय राहायला. तोंडानं फटकळ. माझ्यासमोरच म्हणाली, "काल शेजारनं वास येत हुता बगा. माज्या भावाची राख बी न्हाई निवली अजून."
काकू म्हणाल्या, "वन्सं, हिच्या घरचा न्हाई. मनीनं इचारलं, ही न्हाई म्हनली. ही न्हाई म्हनली म्हंजी न्हाई. लेक हाय माजी ती."
आणि माझ्या हातातला चहा घेतला.

मनीषा चुलीपाशी. एक शब्द बोलली नाही. तिनं बोलायला हवं होतं. शी, तिनं का? माझं तोंड काय शिवलं होतं?

घरी येऊन मशीन खोक्यात घातलं. लाज वाटते. नुसती लाज.

गुरु., २० फेब्रु.
दहावा. नदीवर सगळे गेले होते. पिंडाला कावळा शिवेना. कुणी म्हणालं आप्पांची नातीत इच्छा अडकली, कुणी काय. मी मागं उभी, घामानं ओली. वाटलं, माझ्यामुळंच. मग शिवला. तरी घाम जाईना.

ह्यांना रात्री सगळं सांगितलं. "जाऊ दे, झालं ते झालं. आता सांगून त्या म्हातारीला कशाला दुखवतेस?" बरोबर असेल. पण त्यांना दुखवायचं नाही म्हणून गप्प बसतेय की मला... मला माहितेय कशासाठी गप्प बसतेय.

रवि., २३ फेब्रु.
तेरावा. आज गोडाचं जेवण.

सकाळीच मनीषा दारात. आत ये म्हटलं, आली नाही.
"सासूबाई बोलावत्यात. कढई आज तुमीच चढवायची, पयली पुरी तुमच्या हातनं. भाटघरच्या आतेसासू म्हनत हुत्या मी सोडते, तर सासूबाई म्हनल्या, न्हाई. दुखवटा तिनं पाळलाय आमच्यासंगं, मान तिचा."
एवढं बोलून माझ्याकडे बघत उभी राहिली. राग नव्हता डोळ्यांत. असता तर बरं वाटलं असतं.
"मनीषा, अगं..."
"मला कशाला सांगताय, वयनी?" म्हणाली आणि गेली.

साडी बदलून बसलेय. सांगायचं तर पुरी सोडायच्या आधी सांगायला हवं. सांगितलं तर आजच्या दिवशी, सगळ्या भावकीसमोर, काकूंच्या अन्नात माती. आणि नाही सांगितलं तर हा मान...

भिंतीपलीकडून काकूंचा आवाज. तेरा दिवसांत पहिल्यांदा एवढा मोठा.
"ये गं बाय, तेल वतलंय."