हातोडा पोस्टाने पाठवायचा नसतो

प्रिय बोरोका,

काल पोस्टमन तुझं पार्सल घेऊन आला आणि दारातच म्हणाला, बाई, यात काय दगड भरलेत? आत माझा चार किलोचा हातोडा, तुझ्या आईने केलेला खसखशीचा रोल आणि एका ओळीची चिठ्ठी, शनिवारी मी येत नाही. रोल झकास होता. चिठ्ठी वाचून मात्र माझं डोकं फिरलं. शनिवारी युरोपीय स्पर्धेत जायची माझी शेवटची संधी आहे, हे माहीत असून तू असं लिहितेस?

अगं, जूनमध्ये हातोडाफेकीच्या राष्ट्रीय स्पर्धेत तुझा हातोडा वजनात कमी भरला, पंचांनी बाजूला काढला. मैदानावर ठेवलेला हातोडा कुणीही उचलावा, हा आपला नियमच आहे. तू माझा उचललास आणि त्यानेच मला हरवलंस. सात वर्षं सांभाळलेलं विजेतेपद गेलं. राग आला का? आला की! गाडीत बसून ढसाढसा रडले, नवऱ्याला उगाच झापलं. पण तो राग हरल्याचा होता. त्यानंतर हातोडा तुझ्याकडेच राहिला आणि तू माझा फोन उचलेनाशी झालीस, त्याचा राग मात्र तुझ्यावरच आहे.

मी या खेळात आले, कारण धावण्यात कायम शेवटची यायचे. आपले प्रशिक्षक ओट्टोकाका म्हणाले, पोरी, तुला पळून कुठे जायचंय, इथेच गोल फीर! वर्षभर माझा हातोडा वर्तुळाभोवतीच्या जाळीतच अडकायचा. आणि पहिलं विजेतेपद मिळालं ते माझ्या आधीच्या विजेत्या क्लाराच्या हातोड्याने. ती दुसरी आली. बक्षीस घेताना माझ्या कानात म्हणाली, पुढच्या वेळी स्वतःचा आण गं, भिकारडे! संध्याकाळी तिनेच मला घरी नेऊन माशाचं झणझणीत कालवण खाऊ घातलं. आपल्या सोंबतहेय गावात हे असंच चालत आलंय. तूच काय ती लाजून घरात बसलीस.

माझी कंबर आता पुढचं वर्ष काढत नाही, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. शनिवारी पात्रतेचं अंतर गाठलं तर ठीक, नाहीतर संपलं. पण तू नसताना जिंकून मी करू काय? म्हणून हातोडा आजच्याच पोस्टाने तुला परत पाठवलाय. दुसरा माझ्या हाताला बसत नाही, हे तुला ठाऊक आहे. तो मैदानावर तू आणून ठेवायचास, आणि आधी तू फेकायचास. नाही आलीस, तर मी वर्तुळात रिकाम्या हातांनी उभी राहीन.

तुझीच, अजून रागावलेली,
एमोके