हवेचा ग्राइंडर सुनेच्या नावे

मी, धोंडुबाई नाथा घरत, वय एकाहत्तर, राहणार जोहे, तालुका पेण, जिल्हा रायगड, शिक्षण चौथी (पाचवीत नाव घातलं होतं, गेले नाही), आज सकाळी चहा पिऊन, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही धाकाशिवाय हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण गुडघ्यांबद्दल कायद्यात काही नाही असं वकिलांनी सांगितलं.

कलम १. जोह्यातलं दोन खोल्यांचं घर माझा एकुलता मुलगा हरेश याला. घराची पुढची पडवी मात्र त्याला नाही. ती त्याची बायको नूतन हिला. एका घराचे दोन वाटे कशाला, असं कोणी विचारेल. तर पडवीत माझं काम चालतं, आणि हरेशला लोखंडाची करकर ऐकली की दात आंबतात. तो रोह्याला कंपनीत शिफ्टला जातो. गुणी आहे, पण हत्यार धरणारा हात त्याचा नाही. तो नूतनचा आहे.

कलम २. पडवीतली हत्यारं. ऐरण, दोन हातोड्या, पकड, हवेचा कॉम्प्रेसर, त्याची पिवळी नळी आणि हातात धरायचा हवेचा ग्राइंडर, ज्याला आमचे हे डाय ग्राइंडर म्हणत. हे सगळं नूतनला.

ग्राइंडरबद्दल लिहिलंच पाहिजे. आमचे हे रोह्याच्या कंपनीत साचे घासायच्या खात्यात होते. रिटायर झाल्यावर जुना ग्राइंडर विकत आणला आणि घरी विळ्या करायला लागले. विळीच्या टोकाला नारळ खवायची जी दातेरी खवणी असते, तिचे दात कानस मारून काढायचे म्हणजे अर्धा दिवस. हा ग्राइंडर लाटण्याहून आखूड, पण खटका दाबला की आतल्या पात्या हवेने अशा फिरतात की चहा उकळेपर्यंत दात तयार. हे गेले तेव्हा बाया म्हणाल्या, भंगारात घाल. मी पदर खोचला, चष्मा लावला आणि खटका दाबला. तो हातात असा थरथरला की मी एकटीच हसत सुटले. नवरा जाऊन दोन महिने झालेले आणि मी हसतेय! पण खोटं कशाला लिहू, मजा आली.

माझी नात भूमिका नऊ वर्षांची आहे. हरेश तिला दिवाळीला आणतो. गेल्या खेपेस मी चष्मा लावून खवणीचे दात काढत होते, ते बघत म्हणाली, "आजी, तू डॉक्टर वाटतेस. दातांची." दोन दिवस मी हे सगळ्या आळीत सांगत फिरले. तिच्या हाताच्या मापाची एक खवणी करून ठेवली आहे, ती तिला. बँकेत जे निघेल तेही तिच्याच शिक्षणाला.

कलम ३. माझी जाऊ मैना. तिला काही नाही. साक्षीदाराला काही देऊ नये असं वकील म्हणाले, म्हणून मी मुद्दाम तिलाच साक्षीला घेतलं. का, ते पुढे येतंच.

कलम ४. हे कलम लिहायला मला आठ वर्षं लागली.

नूतन लग्न होऊन आली ती माझ्याहून चांगली निघाली. बांगड्या रबराने वर बांधायची, खवणी पकडीत आवळायची आणि दात असे सारखे काढायची की मोजपट्टी लावावी. रोज काम झालं की कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी सोडायची. आमच्याकडची हवा ओली, पावसाळ्यात पेलाभर पाणी निघतं. मला सांगायची, "आई, सहा किलोच्या वर हवेचा दाब नको गो." मला ते टोचायचं. नवऱ्याचं हत्यार माझं, आणि ही मला शिकवणार?

आठ वर्षांपूर्वी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गावच्या बचत गटाने वाण म्हणून चाळीस लहान खवण्या सांगितल्या. मी विधवा, मला कुंकू लावत नाहीत, पण माझ्या हातचं वाण चालतं! आनंदात होते. ग्राइंडरचं पातळ तेल संपलं होतं. नूतन म्हणाली, "त्याचं तेल वेगळं असतं, पेणला जाईन तेव्हा आणते. तवर चालवू नका." ती शेतावर वाल तोडायला गेली आणि मी खोबरेल ओतलं. शिवणयंत्राला घालते, डोक्याला घालते, ह्याला का नको? थोडा वेळ चांगला चालला. दुसऱ्या दिवशी कडाक्याची थंडी. पाच दात झाले आणि घरघर करून बसला तो बसलाच.

खवण्या झाल्या एकोणीस. समाजमंदिराच्या ओट्यावर सगळ्या बाया जमलेल्या. गटाच्या बाई विचारतात, बाकीच्या कुठे? मी म्हणाले, "सुनेला विचारा. तिने हत्यार बिघडवलंन."

नूतनच्या कडेवर भूमिका होती. ती म्हणाली, "आई, मी कालपासून हातसुद्धा लावला नाय."

मी म्हणाले, "हात नाय लावलास, तर काय पाय लावलास?"

मैना सगळ्यांत मोठ्याने हसली. मग बाकीच्या हसल्या. नूतन वाण न घेताच घरी गेली, आणि चौथ्या दिवशी हरेशला घेऊन रोह्याजवळ निडीला भाड्याच्या खोलीत.

पुढल्या आठवड्यात पेणच्या जगन मेकॅनिकने ग्राइंडर उघडला. आत मेणबत्तीसारखं पांढरं. त्याने वास घेतला. "मावशी, ह्यात खोबरेल कोणी ओतलं? हा चालताना थंड पडतो, आत सगळं गोठलंय."

मी म्हणाले, "काय माहीत बा."

त्याने रॉकेलने धुतला, पात्या बदलल्या, ग्राइंडर सुरू झाला. निडीची गाडी पेणहून सुटते, मला माहीत होतं. मी गेले नाही. आज जाईन, गणपती झाल्यावर जाईन. मग वाटलं, आता एवढ्या वर्षांनी काय सांगायचं? ओतलं ते एका दिवसाचं. गप्प राहिले ते आठ वर्षांचं.

परवा जगनला साक्षीला बोलवायला गेले तेव्हा त्याला खरं सांगितलं. तो म्हणाला, "मावशी, मला तेव्हाच कळलं होतं. तुमच्या केसांना तोच वास येत होता."

कलम ५. ~~माझ्या तेराव्याला कलम ४ सगळ्या बायांसमोर मोठ्याने वाचावे.~~ हे खोडलं आहे. खोडाखोड माझीच, खाली सही केली आहे. वकील म्हणाले, "आजी, तेव्हा तुम्ही नसाल. ऐकताना सुनेचा चेहरा कोण बघणार?" एवढ्या शिकलेल्या माणसाने एवढं साधं बोलावं! तेव्हा आता असं, की येत्या हळदीकुंकवाला त्याच ओट्यावर मी स्वतः उभी राहून सांगणार. मैनाने पुढे बसायचं आहे. हसली तरी चालेल, या वेळी माझ्यावर हसायचं.

नूतनला निरोप धाडला आहे. हरेशच्या फोनवर ती एवढंच म्हणाली, "बघते."

कलम ६. ती आली नाही, किंवा येऊन सगळं ऐकून तशीच निघून गेली, तरी कलम १ व २ मध्ये काडीचाही फरक होणार नाही. पडवी आणि ग्राइंडर मी माफीच्या बदल्यात देत नाही. तिचा हात चांगला आहे म्हणून देते. ती घरात होती तेव्हा हे मी तिला एकदाही म्हटलं नाही.

वरचं सगळं मी वाचून पाहिलं. शुद्धलेखन सोडून सगळं खरं आहे.

धोंडुबाई नाथा घरत (सही)

आमच्या डोळ्यांदेखत सही केली, आम्हीही केली:
१. मैना जनू घरत, जोहे
२. जगन विठू पाटील, पेण

ठिकाण: पेण
दिनांक: ९ जानेवारी २०२६